१२,३४,५६,७८९ : मोठी संख्या कागदावर कशी उलगडावी

कीबोर्डवरच्या अंकांवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं की ही संख्या उमटते. बारा कोटी चौतीस लाख छपन्न हजार सातशे एकोणनव्वद. ती न पाहिलेला माणूस सापडणं कठीण. पण ही मूळ संख्या आहे का, तिला किती विभाजक आहेत, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का, असं विचारलं तर बहुतेक जण थेट संगणकाकडे वळतात. संगणक उत्तर देतो, पण ते तसंच का आलं हे सांगत नाही. हेच काम कागद, पेन्सिल आणि शाळेतलं गणित एवढ्यावर होतं. फक्त क्रम नीट लावावा लागतो: जे फुकटात कळतं ते आधी विचारायचं, महागडं काम शक्य तितकं पुढे ढकलायचं, आणि एकदा मूळ अवयव हाती आले की पुढची उत्तरं त्यांच्याकडून वसूल करायची.

आधी संख्येचा आवाका

संख्या दोनदा लिहून घ्या. एकदा आपल्या नेहमीच्या पद्धतीने, १२,३४,५६,७८९. दुसऱ्यांदा उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून, १२३|४५६|७८९. पहिली मांडणी वाचायला, दुसरी कसोट्यांना. लाख-कोटींच्या स्वल्पविरामांवरून तीन अंकांची कसोटी लावायला गेलं की हमखास गोंधळ होतो.

मग वर्गमूळाचा अंदाज घ्या, कारण पुढे प्रत्येक टप्प्यावर तो लागतो. इथे एक गंमत आहे. १११११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ येतो, आणि आपली संख्या त्याहून २,४६८ ने मोठी आहे. १११११ च्या पुढच्या पूर्ण वर्गापर्यंत जायला २२,२२३ लागतात, म्हणजे ही संख्या पूर्ण वर्ग नाही आणि तिचं वर्गमूळ साधारण १११११.११ आहे. २,४६८ हा आकडा कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटाकडे तो कामाला येणार आहे.

या आकाराच्या संख्यांमध्ये साधारण दर अठरा-एकोणीस संख्यांमागे एक मूळ संख्या असते. हे प्रमाण नैसर्गिक लॉगॅरिदमवरून कळतं, आणि आपल्या संख्येचा तो लॉगॅरिदम सुमारे १८.६ आहे. म्हणजे मूळ असण्याची शक्यता आधीच कमी. आता ती पूर्ण संपवू.

फुकटातल्या कसोट्या

शेवटचा अंक ९, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. झालं, ती संयुक्त संख्या ठरली.

इथे क्षणभर थांबण्यासारखं आहे. अंकांची बेरीज क्रमावर अवलंबून नसते. त्यामुळे १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा वापरून तुम्ही कोणतीही नऊ अंकी संख्या बनवा, तिला ९ ने भाग जाणारच. अशा ३,६२,८८० संख्या होतात आणि त्यांतली एकही मूळ नाही. पूर्ण वर्ग मात्र त्यांत आहेत: सर्वांत लहान १३,९८,५४,२७६, म्हणजे ११८२६ चा वर्ग, आणि सर्वांत मोठा ९२,३१,८७,४५६, म्हणजे ३०३८४ चा.

उलट आपल्या संख्येला जरा हात लावला की चित्र पालटतं. पुढचा १ काढून टाका: २,३४,५६,७८९ ही मूळ संख्या आहे. शेवटी एक १ जोडा: १,२३,४५,६७,८९१ हीसुद्धा मूळ. अंकांच्या दिसण्यावरून अवयवांबद्दल काहीही ताडू नये, हे यावरून पटावं.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात

७ × ११ × १३ = १००१. म्हणून १००० ला या तिघांपैकी कोणीही भागलं तरी १००० हे −१ सारखंच वागतं. तीन अंकांचे गट घ्या आणि उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे करा:

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

मधला गट जसाच्या तसा परत आला. ४५६ म्हणजे ४५५ + १, आणि ४५५ = ५ × ७ × १३. म्हणजे ७ ने भागल्यास बाकी १, १३ ने भागल्यासही बाकी १. ११ च्या बाबतीत ४५६ − ४५१ = ५, म्हणून बाकी ५. तिघेही बाद.

९९९ = २७ × ३७, म्हणून याच गटांची सरळ बेरीज केली की २७ आणि ३७ तपासून होतात: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, पुन्हा १ + ३६८ = ३६९. ३७ × १० = ३७०, म्हणजे एकाने हुकलं. २७ × १३ = ३५१, बाकी १८. दोघांनीही भाग जात नाही. २७ ने जात नाही याचा अर्थ असा की संख्येत ३ चा घात नेमका दोनच आहे. हे पुढे लागेल.

१०१ साठी दोन-दोन अंकांचे गट: ८९ − ६७ + ४५ − २३ + १ = ४५. बाकी ४५, म्हणून तोही बाद. (७३ आणि १३७ साठी चार अंकांचे गट पाडतात, कारण ७३ × १३७ = १०००१. हौस असेल तर करून बघा. आपल्याला पुढे त्याची गरज पडणार नाही.)

९ बाजूला काढा

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१

या उरलेल्या संख्येला गाभा म्हणू. आता मोठ्या संख्येला हात लावायचा नाही, सगळं काम गाभ्यावर. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ खरोखरच संपला. २, ५, ७, ११, १३, ३७ आणि १०१ यांपैकीही कशाने गाभ्याला भाग जाणार नाही, कारण तसा तो जात असता तर मोठ्या संख्येलाही गेला असता. कसोटी एकदा लावली की ती अवयवांनाही लागू राहते. ही बचत बरेच जण विसरतात आणि तेच भागाकार पुन्हा करत बसतात.

आता सरळ मार्ग म्हणजे १७, १९, २३ असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं. १७ ने बाकी २, १९ ने १०, २३ ने १४. कुठवर जायचं? गाभ्याच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंत, कारण संयुक्त संख्येचा एक तरी अवयव वर्गमूळाहून मोठा नसतो. ३७०३ च्या आत पाचशेहून अधिक मूळ संख्या आहेत. हाताने तेवढे भागाकार करायची तयारी असलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. म्हणून लहान मूळ संख्या तपासून झाल्या की सरळ मार्ग सोडायचा आणि दुसऱ्या टोकाकडून, वर्गमूळाकडून, यायचं.

फर्माची युक्ती

पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४३ च्या सुमाराच्या एका पत्रात २,०२,७६,५१,२८१ या संख्येचे अवयव ४४०२१ × ४६०६१ असे पाडून दाखवले होते. पद्धत शाळेतल्याच सूत्रावर उभी आहे:

अ² − ब² = (अ − ब)(अ + ब)

कोणत्याही विषम संयुक्त संख्येचे दोन अवयव त्यांच्या सरासरीपासून सारख्याच अंतरावर असतात. ती सरासरी म्हणजे अ, ते अंतर म्हणजे ब. म्हणून वर्गमूळाच्या लगेच पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. नसेल तर पुढचा पूर्णांक.

गाभ्याचं वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मध्ये आहे, म्हणून अ = ३७०४ पासून सुरू करू.

३७०४² = १,३७,१९,६१६. वजाबाकी २,१९५. शेवटचा अंक ५ असलेला पूर्ण वर्ग नेहमी २५ ने संपतो, ९५ ने नाही. वर्गमूळ न काढताच बाद.

३७०५² = १,३७,२७,०२५. वजाबाकी ९,६०४. आणि ९,६०४ = ९८².

लागलं! गाभा = ३७०५² − ९८² = (३७०५ − ९८)(३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांचं काम दोन वर्गांत आटोपलं. सरळ मार्गाने ३६०७ पर्यंत पोहोचायला ५०४ व्या मूळ संख्येपर्यंत चालत जावं लागलं असतं. खरं तर ३७०४ चा प्रयत्नही वाचवता आला असता. गाभ्याला ४ ने भागल्यास बाकी १ उरते (शेवटचे दोन अंक २१). पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च असते, म्हणून अ² − ब² ची बाकी १ यायची तर अ विषम आणि ब सम असायलाच हवा. बाकी ३ असेल तर उलट. म्हणजे या पद्धतीत निम्मे प्रयत्न सुरुवातीलाच गाळता येतात.

गुणाकार बरोबर आहे का, याची झटपट पडताळणी अंकांच्या बेरजेने करा. ३६०७ ची बेरीज १६, म्हणजे ७. ३८०३ ची १४, म्हणजे ५. ७ × ५ = ३५, म्हणजे ८. गाभ्याची बेरीज २६, म्हणजे ८. जुळलं. अंकांची अदलाबदल झाली असेल तर ही पडताळणी ती पकडत नाही, म्हणून ११ नेही बघावं: ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८, गुणाकार ८०, त्याची बाकी ३. गाभ्याचीही ३.

आता युक्तीची दुसरी बाजू. आपल्या संख्येचा शेवटचा ९ खोडला तर १,२३,४५,६७८ उरतात. त्यातून २ आणि ९ बाजूला काढले की ६,८५,८७१. तिचं वर्गमूळ ८२८ च्या जरा वर, पण अवयव आहेत ४७ आणि १४५९३. त्यांची सरासरी ७३२०. फर्माच्या पद्धतीने ८२९ पासून ७३२० पर्यंत रखडावं लागेल, आणि निम्मे प्रयत्न गाळूनही तीन हजारांच्या वर उरतील. सरळ भागाकाराने मात्र ४७ ही पंधरावीच मूळ संख्या आहे. म्हणून माझा सल्ला असा: पन्नास-शंभरपर्यंत सरळ भागून पाहा, मग फर्माच्या पद्धतीने दहा-बारा प्रयत्न करा. तरीही काही हाती लागलं नाही तर संगणकाला हाक मारायला हरकत नाही.

१९७७ साली तयार झालेल्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीची सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर टिकून आहे. पण दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडल्या तर शेकडो अंकांची संख्यासुद्धा याच शाळकरी सूत्राने फुटते. म्हणून तिथे त्या मुद्दाम दूर ठेवतात.

३६०७ आणि ३८०३ मूळ आहेत का?

हे गृहीत धरू नका. ६१² = ३७२१, म्हणून ३६०७ साठी ५९ पर्यंत आणि ३८०३ साठी ६१ पर्यंत तपासलं की पुरे. २, ३, ५, ७, ११, १३ आणि ३७ आधीच बाद आहेत, १७, १९ आणि २३ गाभ्यावरच बाद झाले. उरले २९, ३१, ४१, ४३, ४७, ५३, ५९ आणि दुसऱ्यासाठी ६१. ३६०७ च्या बाक्या क्रमाने ११, ११, ४०, ३८, ३५, ३, ८. ३८०३ च्या ४, २१, ३१, १९, ४३, ४०, २७ आणि ६१ साठी २१. कुठेही शून्य नाही. दोन्ही मूळ.

१२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३

अवयवांवरून मिळणारी उत्तरं

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणा. (२+१)(१+१)(१+१) = १२. ते बारा असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः ती संख्या. मधली जोडी पाहा, १०८२१ × ११४०९. दोघेही १११११ च्या आसपास. म्हणजे ९ बाजूला न काढता मोठ्या संख्येवरच फर्माची युक्ती लावली असती तरी ११११२ पासून चौथ्या प्रयत्नात ११११५² − २९४² असं उत्तर आलं असतं.

विभाजकांची बेरीज: (१+३+९)(१+३६०७)(१+३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून ती संख्या वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात, निम्म्याहूनही कमी. म्हणजे परिपूर्ण संख्येपासून (जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते) ती फार दूर आहे.

तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान संख्या: ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. हे जवळपास दोन-तृतीयांश आहे, आणि असणारच. ३ मुळे एक-तृतीयांश संख्या गळतात. बाकीचे दोन अवयव इतके मोठे आहेत की त्यांच्यामुळे गळणाऱ्यांची संख्या नगण्य.

वर्गांची बेरीज

ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज आहे का? ४ ने भागल्यास बाकी १ येते, म्हणून वरवर पाहता अडचण दिसत नाही. बाकी ३ आली असती तर तिथेच नकार मिळाला असता. पण नियम अवयवांवर चालतो: ४ ने भागल्यास ज्यांची बाकी ३ उरते अशा प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. ३ चा घातांक २ आहे, तो ठीक. ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आणि घातांक १. म्हणून उत्तर ठाम नाही. दोन ३ गुणिले गेले की ९ होतात आणि बाकी १ दिसते, म्हणूनच नुसत्या बाकीवरून हे कळत नाही.

तीन वर्ग मात्र जमतात. लजांद्र या गणितज्ञाच्या प्रमेयानुसार ८ ने भागल्यास बाकी ७ उरणाऱ्या संख्या आणि त्यांच्या ४, १६, ६४ अशा पटी सोडल्या तर बाकी सगळ्या संख्या तीन वर्गांची बेरीज असतात (० चा वर्गही धरून). आपली बाकी ५. प्रमेय फक्त अस्तित्व सांगतं, प्रत्यक्ष वर्ग शोधावे लागतात. कोपऱ्यात लिहिलेला २,४६८ आता काढा. २,४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ = १६² + १९². दोन्ही वर्गांना ४ ने गुणलं की ३२² + ३८². म्हणून

१२,३४,५६,७८९ = १११११² + ३२² + ३८²

अंकांच्या नक्षीमागचं कारण

या संख्येला ९ ने गुणून १० मिळवले की दहा एकांची रांग येते: १,११,११,११,१११. हा चमत्कार नाही. ८१ ने गुणलं तर ९,९९,९९,९९,९०९, म्हणजे एक हजार कोटीला ९१ कमी. थोडक्यात, आपली संख्या = (१०¹⁰ − ९१) ÷ ८१. हे सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण बाक्या काढताना नऊ अंक हाताळण्याऐवजी १० चे घात हाताळता येतात. १ ÷ ८१ चं दशांश रूप ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असं येतं, त्यात ८ गायब असतो. कारण ८, ९ नंतर १० येतो आणि त्याचा हातचा ९ ला १० करतो, मग तो हातचा ८ ला ९ करतो.

द. रा. कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांची कसोटीही इथे लावून पाहता येते. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या येते, तिची आधीची संख्या ही जनक. जिला जनकच नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून जनकालाही ९ ने भाग जायला हवा, आणि त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत हवी. म्हणजे ९, १८, २७ असं एकेक वजा करत तपासायचं. ३६ ला थांबा: १२,३४,५६,७५३ च्या अंकांची बेरीज ३६ आहे. जनक सापडला, म्हणून संख्या स्वयंभू नाही.

उलट क्रम

सरावासाठी ९८,७६,५४,३२१ घ्या. ती आपल्या संख्येच्या ८ पटीहून ९ ने जास्त आहे. त्यामुळे दोघींचा मसावि युक्लिडच्या भागाकाराने दोन पायऱ्यांत ९ येतो. ९ बाजूला काढा, उरतात १०,९७,३९,३६९. इथे सरळ मार्गच बरा, कारण १७ ने भाग जातो, आणि पुन्हा एकदा १७ नेच. उरलेला ३,७९,७२१ मूळ आहे. ते पटवून घ्यायचं तर ६१३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात, म्हणून हे काम संगणकाला द्या. फर्माची युक्ती इथे लावू नका. ९८,७६,५४,३२१ वर ती १,९१,१६१ पर्यंत गेल्यावरच थांबते.

मग वर्गांचा प्रश्न विचारा. ३ आणि १७ यांचे घातांक सम, आणि ३,७९,७२१ ला ४ ने भागल्यास बाकी १. म्हणजे सुलट क्रमाला जे जमलं नाही ते उलट क्रमाला जमतं. वर्ग शोधायला ६१६ पासून खाली उतरा: ६१६, ६१५, ६१४, ६१३, ६१२ यांत काही लागत नाही, ६११ ला ३,७९,७२१ − ३,७३,३२१ = ६,४०० = ८०² येतं. ६११ आणि ८० या दोघांना ३ × १७ = ५१ ने गुणा:

९८,७६,५४,३२१ = ३११६१² + ४०८०²